एका शरीरात दोन ब्लड कॅन्सर? रिपोर्ट जुळत नसेल तर विचारा हे प्रश्न

प्रत्येक घरात एक जण 'रिपोर्ट वाचणारा' असतो. लॅबची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली की सगळे त्याच्याकडे बघतात. "बघ ना जरा, काय आलंय?" मग तो किंवा ती ठळक अक्षरातले आकडे शोधते, कुठे 'हाय' आहे, कुठे 'लो' आहे ते सांगते.

घरात कुणाला आधीपासून ब्लड कॅन्सर असेल, तर या आकड्यांचं उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. हिमोग्लोबिन उतरलं? "त्या आजारामुळेच." कंबर दुखतेय? "त्याचंच असेल, नाहीतर वय." बहुतेक वेळा हे उत्तर बरोबरही असतं. पण काही रुग्णांच्या बाबतीत ते चुकतं, कारण पहिल्या ब्लड कॅन्सरच्या आड दुसरा एक वेगळाच ब्लड कॅन्सर असतो. असे रुग्ण थोडे असतात. पण त्यांचं निदान लांबलं तर मोठं नुकसान होऊ शकतं. म्हणून आज याच विषयाबद्दल, अगदी सोप्या भाषेत.

ब्लड कॅन्सर हा एक आजार नाही

आपण सरसकट 'ब्लड कॅन्सर' म्हणतो, पण त्या नावाखाली अनेक वेगवेगळे आजार येतात. रक्ताच्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये तयार होतात. तिथे मूळ पेशींपासून दोन मोठ्या शाखा फुटतात. एका शाखेतून लाल पेशी, प्लेटलेट आणि काही प्रकारच्या पांढऱ्या पेशी येतात. तिला मायलॉइड शाखा म्हणतात. दुसरीतून लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी येतात आणि त्यांच्यातल्याच काही पुढे अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी होतात. ही लिम्फॉइड शाखा.

कोणत्या शाखेतली, कोणत्या टप्प्यावरची पेशी बिघडली यावर आजाराचं नाव ठरतं. लिम्फोसाइट बिघडल्या तर क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल होऊ शकतो. प्लाझ्मा पेशी बिघडल्या तर मल्टिपल मायलोमा. मायलॉइड शाखेत बिघाड झाला तर क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, किंवा लाल पेशी अथवा प्लेटलेट बेसुमार वाढवणारे आजार. औषधं वेगळी, धोके वेगळे, घाई किती करायची तेही वेगळं.

आणि एका माणसात यातले दोन एकत्र असू शकतात.

समजा, आजोबांचं असं झालं

नीट समजावं म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ६८ वर्षांचे आजोबा. पाच वर्षांपूर्वी त्यांना सीएलएल असल्याचं कळलं. हा आजार अनेकांमध्ये इतका सावकाश वाढतो की लगेच औषध सुरू करावं लागत नाही. डॉक्टर दर काही महिन्यांनी तपासत राहतात. आजोबांचंही तसंच चाललं होतं. पांढऱ्या पेशी ४०,००० च्या आसपास स्थिर होत्या आणि तब्येत ठणठणीत होती.

मग सहा महिन्यांत तीन गोष्टी बदलल्या. हिमोग्लोबिन १२ वरून ९ वर आलं. पाठ सतत दुखायला लागली. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलं. घरच्यांना वाटलं, सीएलएल वाढला.

पण थांबा. पांढऱ्या पेशी तर ४०,००० वरच आहेत. मानेतल्या, काखेतल्या गाठी वाढलेल्या नाहीत. प्लीहा तेवढीच आहे. सीएलएल वाढला असता तर हे बदललं असतं. शिवाय सीएलएलमध्ये हाडं झिजणं किंवा किडनी बिघडणं नेहमीचं नाही. म्हणजे तक्रारी एका दिशेला बोट दाखवतायत आणि जुना आजार दुसऱ्या दिशेला उभा आहे.

शंका यायची जागा हीच. कॅल्शियम वाढणं, किडनी बिघडणं, रक्त कमी होणं आणि हाडं पोखरली जाणं, ही चार लक्षणं मल्टिपल मायलोमाची ओळख आहेत.

एक धागा तर साध्या लिव्हर फंक्शन टेस्टमध्येच लपलेला असतो. त्यात 'टोटल प्रोटीन' आणि 'अल्ब्युमिन' असे दोन आकडे असतात. मोठ्यातून छोटा वजा करा. फरक साधारण ४ पेक्षा जास्त आला, तर रक्तात अँटिबॉडीच्या जातीची प्रथिनं वाढली आहेत का, हे डॉक्टर बघतात. जुना जंतुसंसर्ग किंवा लिव्हरच्या आजारानेही हा फरक वाढतो, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरायचं नाही. उलट, मायलोमाच्या काही प्रकारांत हा फरक वाढतही नाही. पण डॉक्टरांना विचारण्यासारखा हा आकडा नक्की आहे.

गर्दीत लपलेला दुसरा

दुसरा आजार चटकन का दिसत नाही? याची मुख्यतः तीन कारणं आहेत.

पहिलं, गर्दी. मॅरोमध्ये लिम्फोसाइटची प्रचंड दाटी असेल, तर त्यांच्यात विखुरलेल्या प्लाझ्मा पेशी नजरेतून सुटू शकतात.

दुसरं, टेस्ट विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. फॉर्मवर फक्त 'सीएलएल फॉलोअप' लिहिलं असेल, तर लॅब त्या आजाराच्याच खुणा आधी तपासणार. 'पाठदुखी, हिमोग्लोबिन कमी, क्रिएटिनिन वाढलेलं' एवढं जरी सोबत लिहिलं तरी तपासणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे जातं.

तिसरं, आपलं मन. एका कारणात सगळं बसवायची सवय आपल्या सगळ्यांना असते. डॉक्टरांनाही शिकवलं जातं की शक्यतो एकाच निदानात सगळी लक्षणं बसतात का ते आधी बघा. तरुण, एरवी निरोगी माणसासाठी हा नियम चांगला आहे. पण वय वाढलं की शरीर एकाच आजाराचा हिशेब ठेवत नाही. वैद्यकशास्त्रात याची आठवण करून देणारं एक सूत्रही आहे, अमेरिकन डॉक्टर जॉन हिकम यांच्या नावाने ओळखलं जाणारं. त्याचा आशय असा की, एका रुग्णाला एकाच वेळी कितीही आजार असू शकतात.

दोन लग्नं, एक कार्यालय

आता डॉक्टर हे ओळखतात कसं? कल्पना करा, एकाच मंगल कार्यालयात दोन लग्नं आहेत आणि दोन्हीकडचे वऱ्हाडी जेवणाच्या हॉलमध्ये मिसळलेत. कोण कुणाकडचं, हे नुसतं बघून कळणार नाही. पण एका लग्नात सगळ्यांना केशरी फेटे आणि दुसऱ्यात गुलाबी असतील तर?

फ्लो सायटोमेट्री ही टेस्ट नेमके फेटे बघते. पेशींच्या पृष्ठभागावर प्रथिनांच्या खुणा असतात आणि त्यांना सीडी क्रमांक दिलेले आहेत. सीएलएलच्या पेशींवर बहुधा सीडी ५, सीडी १९ आणि सीडी २३ एकत्र सापडतात. प्लाझ्मा पेशींवर सीडी ३८ आणि सीडी १३८ असतात. मशीनमधून एकेक पेशी जाते, लेझरचा प्रकाश पडतो आणि गट वेगळे दिसू लागतात.

याहून पक्की एक खूण आहे. प्रत्येक बी लिम्फोसाइट किंवा प्लाझ्मा पेशी आपल्या अँटिबॉडीत दोनपैकी एकच प्रकारची छोटी साखळी वापरते: कॅपा किंवा लॅम्डा. निरोगी माणसात दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात, साधारण दोन कॅपामागे एक लॅम्डा. एकाच बिघडलेल्या पेशीची हजारो पिल्लं झाली की त्या गटात सगळीकडे एकच साखळी दिसते. आता आजोबांच्या लिम्फोसाइट सगळ्या कॅपा आणि प्लाझ्मा पेशी सगळ्या लॅम्डा निघाल्या, तर ही दोन वेगळी घराणी आहेत हे जवळजवळ स्पष्ट होतं.

दोन्हीकडे एकच साखळी निघाली तर? मग ती एकाच घराण्याची असू शकतात किंवा योगायोगही असू शकतो. अशा वेळी गरज वाटल्यास पेशींच्या अँटिबॉडी जनुकांची जुळणी करून बघतात.

या टेस्ट कशासाठी असतात?

फाइलमध्ये ही नावं दिसली तर गोंधळू नका.

• सीबीसी आणि पेरिफेरल स्मिअर: पेशी किती आहेत ते मशीन मोजतं. त्या दिसतात कशा, हे डॉक्टर काचेवर रक्ताचा थेंब पसरवून मायक्रोस्कोपखाली बघतात.

• सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन आणि फ्री लाइट चेन: रक्तात एकाच जातीची अँटिबॉडी किंवा साखळी वाढली आहे का, ते बघण्यासाठी. रिपोर्टमध्ये 'एम बँड' लिहितात ते हेच.

• बोन मॅरो तपासणी: कमरेच्या मागच्या हाडातून, तो भाग बधिर करून, थोडा द्रव मगज आणि हाडाचा बारीक तुकडा घेतात. दोन्ही महत्त्वाचे आहेत. फ्लो सायटोमेट्रीत प्लाझ्मा पेशी अनेकदा प्रत्यक्षापेक्षा कमी मोजल्या जातात. तुकड्यावर रंग चढवून बघितलं की खरा अंदाज येतो.

• सायटोजेनेटिक्स, फिश आणि जनुकांच्या टेस्ट: पेशीच्या गुणसूत्रांत आणि जनुकांत नेमका कोणता बदल झाला ते सांगतात.

• सीटी, एमआरआय किंवा पेट स्कॅन: हाडं पोखरली गेली आहेत का, गाठी कुठे आहेत, ते बघण्यासाठी.

औषधाने एक आकडा उतरला, दुसरा उतरेना

कधी दुसऱ्या आजाराची चाहूल उपचार सुरू झाल्यावर लागते. याचं ठळक उदाहरण सीएमएलचं आहे.

१९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या पेशींत एक विचित्र छोटं गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने ते तयार होतं. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचं बिघडलेलं जनुक जन्मतं. त्यावर नेमका मारा करणारी इमॅटिनिबची गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि सीएमएलच्या रुग्णांचं आयुष्यच बदललं.

पुढे २००५ मध्ये जॅक-२ या जनुकातला एक बदल सापडला. लाल पेशी बेसुमार वाढवणाऱ्या पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात तो सुमारे ९५ टक्के रुग्णांत असतो. प्लेटलेट वाढवणाऱ्या आजारात तो साधारण निम्म्या रुग्णांत असतो. बीसीआर-एबीएल आणि जॅक-२ हे दोन बदल एकत्र येत नाहीत, असाच बराच काळ समज होता. एक सापडला की दुसऱ्याची टेस्ट करायची गरजच वाटत नसे.

पण जगभरातून असे रुग्ण नोंदवले गेले आहेत. इमॅटिनिब सुरू होतं, बीसीआर-एबीएल छान खाली येतं, पांढऱ्या पेशी ठीक होतात, पण प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन चढंच राहतं. गोळी आपलं काम करतेय. चढा राहिलेला आकडा त्या गोळीच्या आवाक्यात नसलेल्या दुसऱ्या आजाराचा आहे. जॅक-२ ची टेस्ट केली की उलगडा होतो. तो झाला नाही तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका तसाच राहतो, आणि 'गोळी लागू पडत नाही' असा चुकीचा निष्कर्षही निघू शकतो.

दोन दिसतात, पण दोनच असतात असं नाही

दुसरं काही सापडलं म्हणजे नवा, स्वतंत्र कॅन्सर झाला असं मात्र नाही. डॉक्टरांना पुढच्या शक्यता वेगळ्या कराव्या लागतात.

एकाच आजाराची दोन रूपं. वॉल्डनस्ट्रॉम नावाच्या आजारात लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी दोन्ही वाढलेल्या दिसतात, पण मूळ एकच असतं. इथे एमवायडी ८८ या जनुकाची टेस्ट मदत करते.

जुन्याचंच उग्र रूप. सीएलएल कधी कधी वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमात बदलतो. १९२८ मध्ये याचं वर्णन करणाऱ्या डॉक्टरांवरून त्याला 'रिश्टर' म्हणतात. एखादीच गाठ झपाट्याने वाढली, ताप आला, वजन उतरलं, तर त्या गाठीची बायॉप्सी करतात.

आधीच्या उपचारांमुळे आलेला. काही केमोथेरपी औषधांनंतर किंवा रेडिएशननंतर काही वर्षांनी मॅरोचा नवा आजार होऊ शकतो. म्हणून दहा वर्षांपूर्वीची केमोसुद्धा डॉक्टरांना सांगायची असते.

कॅन्सर नसलेली खूण. रक्तात छोटा एम बँड असणं ही वाढत्या वयातली नवलाईची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे ३ टक्के लोकांत तो सापडला. त्यातून पुढे मायलोमासारखा आजार होण्याचं प्रमाण वर्षाला साधारण १ टक्का. बहुतेकांना फक्त नियमित तपासणी पुरते.

अगदी साधं कारण. लोह किंवा बी १२ कमी असणं, रक्तस्राव, थायरॉइड, संसर्ग. सीएलएलमध्ये शरीर स्वतःच्याच लाल पेशी नष्ट करतं, असंही होतं. त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

मग उपचार कशावर?

दोन आजार आहेत म्हणून दोन्हींवर लगेच औषध सुरू होतं असं नाही. डॉक्टर आधी विचारतात, आत्ता इजा कोण करतंय? आपल्या उदाहरणातल्या आजोबांचा सीएलएल शांत आहे. किडनी आणि हाडांचं नुकसान मायलोमा करतोय. म्हणजे आधी मायलोमाचे उपचार, सीएलएलवर लक्ष. हेच निदान झालं नसतं आणि 'सीएलएल वाढला' म्हणून त्याच्याच गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर किडनी बिघडतच राहिली असती. एका आजाराचं औषध दुसऱ्यावर चालेलच असं नाही. म्हणूनच नावं बरोबर असणं इतकं महत्त्वाचं आहे.

घरच्यांनी काय करायचं?

निदान डॉक्टरच करणार. पण त्यांना लागणारी माहिती जपून ठेवणं आपल्या हातात आहे. उपचार एका शहरात आणि मुलं दुसऱ्या शहरात, असं आज कितीतरी घरांत आहे. बायॉप्सी इंदूरला किंवा बेळगावला झालेली असते, पुढचा सल्ला मुंबईत किंवा हैदराबादमध्ये घ्यायचा असतो.

• सगळे सीबीसी तारखेप्रमाणे लावा. वहीच्या एका पानावर तारीख, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन असे रकाने करा. एका रिपोर्टपेक्षा बदलत गेलेले आकडे जास्त बोलतात.

• बायॉप्सीचा फक्त कागद नको. काचेच्या स्लाइड आणि मेणातले ब्लॉक कुठे आहेत ते माहीत असू द्या. दुसऱ्या हॉस्पिटलला ते पुन्हा तपासायचे असतात. ब्लॉक मागून घेताना पावती घ्या आणि उन्हापासून जपा.

• स्कॅनची सीडी किंवा लिंक जपून ठेवा.

• आतापर्यंतची सगळी औषधं, केमो आणि रेडिएशन एका यादीत लिहा. आयुर्वेदिक किंवा इतर काही चालू असेल तर तेही. लपवू नका.

• ॲपवर दिसणारी मोठमोठी 'कॅन्सर पॅकेजेस' स्वतःहून करू नका. कोणती टेस्ट हवी हे प्रश्नावर ठरतं, किमतीवर नाही.

डॉक्टरांना हे विचारा

१. ही नवी तक्रार जुन्या आजारात पूर्ण बसते का? न बसणारं काही आहे का?

२. जुना आजार खरंच वाढलाय, की तो स्थिर आहे आणि कारण दुसरं आहे?

३. आधी साधी कारणं, म्हणजे लोह, बी १२, संसर्ग वगैरे, तपासून झाली का?

४. बोन मॅरो पुन्हा बघावा लागेल का? लागला तर कोणत्या प्रश्नासाठी?

५. दोन आजार असतील तर आधी कशावर उपचार आणि दुसऱ्यावर लक्ष कसं ठेवायचं?

"डॉक्टरांना राग आला तर?" ही भीती अनेकांना वाटते. शब्द नीट निवडले तर येत नाही. "तुमचं चुकतंय का?" असं विचारण्यापेक्षा "डॉक्टर, बाबांची पाठदुखी या आजारात बसते का, एवढं समजावून सांगाल?" असं विचारा. दुसरा सल्ला घ्यायचा असेल तर रक्तविकार तज्ज्ञ, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्ट गाठा आणि पहिल्या डॉक्टरांना तसं मोकळेपणाने सांगा. फाइल तेच नीट तयार करून देतील.

इथे वाट पाहू नका

ब्लड कॅन्सरच्या रुग्णाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, कुठूनही रक्त थांबेना, अचानक पाठदुखीबरोबर पायांतली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, खूप तहान लागून माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला, दम लागला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये न्या.

एरवी मात्र घाबरून रात्र जागवायची गरज नाही. दोन ब्लड कॅन्सर एकत्र असणं दुर्मीळ आहे आणि असले तरी आज दोन्हींसाठी उपचार आहेत. रिपोर्ट वाचणाऱ्याने इतकंच लक्षात ठेवायचं: फाइलवर एक नाव लिहिलं गेलं म्हणून पुढचा प्रत्येक आकडा त्याच नावावर खपवायचा नाही. न जुळणारा आकडा दिसला की त्याच्याभोवती पेनाने गोल करा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर सगळ्यात आधी तेच पान उघडा.